सुई पोटात की पदरात

ठमी मांजरीच्या तोंडातून बोटभर जरीचा धागा लोंबत होता, बाकीचा गिळून झाला होता. विजया तो ओढायला वाकली, तशी अक्काने तिचं मनगट धरलं.

"ओढू नकोस! टोकाला सुई असली तर आतडं फाटेल."

सुई होती कुठे, हाच तर घोर होता. दुपारी महालक्ष्म्यांच्या शालूला जरीची किनार टाचून विजया नैवेद्याकडे धावली, आणि सुई कुठे ठेवली ते तिला काही केल्या आठवेना. सतरंजी झटकली, फुलांच्या परड्या उलट्या केल्या. सुईचा पत्ता नाही.

तेवढ्यात अक्काचा भाऊ, विजयाचा नवरा श्रीधर जनावरांच्या दवाखान्यातून सायकल हाणत आला.

"डॉक्टरसाहेबांचा तबादला झालाय. भोपाळ राजधानी करून नवं राज्य होतंय ना, पाचच्या गाडीने तिकडेच चाललेत. म्हणाले, सुई पोटात असेल तर फौरन आणा, चिरून काढतो. नुसता धागा असेल तर उगाच चिरायचं नाही, तो आपोआप पडेल. पण पक्कं सांगा म्हणाले."

घड्याळात सव्वातीन झाले होते. अक्काच्या मांडीवर ठमी लाळ गाळत होती. भावाच्या त्या घरात अक्काचं स्वतःचं म्हणावं असं दोनच होतं, एक ट्रंक आणि ही मांजर.

"शालूत बघ गं, विजया. ठमीने धागा तोडून नेला असेल, तर सुई निऱ्यांतच राहिली असेल."

"बसवलेल्या महालक्ष्म्या विसर्जनापर्यंत हलवत नाहीत, अक्का. घराला काही झालं तर?" विजया रडकुंडीला आली होती. "माझी हिंमत नाही होत."

अक्का अठराव्या वर्षी विधवा झाली. नवरा गेला विषमज्वराने, आणि अशुभ ठरले ते हिचे हात! गेली तेवीस वर्षं ती महालक्ष्म्यांना उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करत आली होती.

आज तिने ठमीला श्रीधरच्या हातात दिलं आणि सरळ महालक्ष्म्यांच्या खोलीचा उंबरा ओलांडला. "अक्का!" श्रीधर ओरडला. तिने मागे पाहिलंसुद्धा नाही. धाकट्या महालक्ष्मीचा पदर चाचपला, काही नाही. थोरलीच्या निऱ्या एकेक करून उलगडल्या. साडेतीनचा ठोका पडला. शेवटच्या निरीत तिने हात घातला आणि एकदम "आई गं!" म्हणून बाहेर काढला.

बोटावर रक्ताचा थेंब होता. अक्का हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. "आहे रे! इथेच आहे!"

श्रीधर ठमीला अक्काकडे देऊन निरोप सांगायला धावला. धागा दुसऱ्या दिवशी सकाळी पडला.

पण त्या घटकेला खोलीत दोघीच उरल्या होत्या. थोरलीचा शालू पार विस्कटला होता, आणि हळदीकुंकवाच्या बायका यायची वेळ झाली होती. अक्का उंबऱ्याकडे वळली.

"कुठे चाललात?" विजयाने ठमीला तिच्या हातातून काढून घेतलं. "बोट पुसा आधी. निऱ्या तुम्ही उलगडल्यात, आता तुम्हीच नीट घाला."