मानाचा रुसवा

सोलापुरात माझं टॉवेलचं दुकान आहे. बापाचं होतं, आता माझं. टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर झोपून मी लहानाचा मोठा झालो. आणि माझाच मेहुणा घरातल्या प्रत्येक लग्नात टॉवेलवरनं रुसत आलाय, याला आता काय म्हणावं?

गुरुसिद्धप्पा त्याचं नाव. अक्कलकोटच्या पुढं त्याची शेती. एरवी देवमाणूस, पण मांडव दिसला की राग नाकावर येऊन बसलाच. कधी आहेराचा टॉवेल पातळ, कधी पत्रिकेत नाव खाली, कधी फेट्याचा रंग फिका. एकदा पंगतीत त्याच्यापर्यंत येईस्तोवर वांग्याची भाजी संपली, तर गडी भरल्या पानावरनं उठला. उठायचं, कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली गाठायची आणि गादीवर पडून भिंतीकडं तोंड करायचं. मग माझी बायको सिद्धेश्वरी ताट वाढून घेणार, त्यात शेंगापोळी, वर तुपाची धार, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढणार. दार लोटून बहीणभाऊ तासभर आत. खाली मी बोंबलत फिरतोय, कारण सामानाच्या खोलीची किल्ली हिच्या कमरेला! तासाभरानं दोघं खाली येत, डोळे लाल आणि चेहरे हसरे. आत काय चालतं ते मी कधी विचारलं नाही. मला किल्लीशी मतलब.

यंदा आमच्या लेकीचं, अंकिताचं लग्न ठरलं, आणि गुरुसिद्धप्पाचा फोन आला.

"दाजी, ह्या लग्नात मी रुसणार न्हाय."

मी फोन कानापासून काढून नाव बघितलं. त्याचंच होतं.

"विजापूर रोडला शिबिर केलं की मी. आठवडाभर नुसतं डोळे मिटून बसायचं. सर म्हणले, कायमचा आनंद आपल्या आतच असतोय. टॉवेल, फेटा, ह्याच्यात काय न्हाय."

त्या सरांना दुकानातली सगळ्यात भारी चादर पाठवावी असं मला वाटलं. घरी येऊन बायकोला बातमी सांगितली. ती शेंगा भाजत होती. तिचा हात थांबला.

"रुसणार न्हाय? का? मी काय केलं त्याचं?"

"अगं, सुधारला तो! तुझे गुडघे वाचले."

"परक्याच्या घरी कोण रुसतंय का कधी?" ती म्हणाली. "आपलं माणूस हाय म्हणून रुसतंय. आता त्याला माजी गरज न्हाय, आसंच की."

यांची आई गेली तेव्हा गुरुसिद्धप्पा धड बोलतही नव्हता. हिनंच त्याला वाढवला. तेव्हाही तो रुसला की ज्वारीच्या पोत्यांमागं जाऊन बसायचा आणि ही पोळी घेऊन मागनं जायची. हे सगळं मला ठाऊक होतं. पण पन्नाशी उलटलेला भाऊ रुसत नाही म्हणून बहिणीनं जेवण टाकावं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. शेंगा करपल्या त्या करपल्याच.

मग बाईसाहेबांनी डाव मांडला. पत्रिकेत भावाचं नाव पार तळाला, कार्यालयाच्या पत्त्याच्याही खाली छापून घेतलं. पत्रिका हातात पडल्यावर त्याचा फोन आला, "छपाई लई झ्याक हाय, दाजी." त्याला आणायला दरवेळी गाडी जाते, ती यंदा तिनं जाऊ दिली नाही. हा एसटीनं आला, वर पिशवीतनं आंबेही घेऊन आला. लग्नाच्या सकाळी सगळ्यांना फेटे बांधले, याच्या वाट्याचाच फेटा गायब. बोडक्या डोक्यानं हा दारात उभा राहून पाहुण्यांना अत्तर लावत होता.

"गुरुसिद्धप्पा, तुमचा फेटा?" मी विचारलं.

"डोक्याला वारं लागतंय, दाजी. आनंद हाय."

काहीही विचारा, आनंद हाय. चहा गार मिळाला? आनंद हाय. खुर्ची मोडली? आनंद हाय. त्याच्या तोंडून तो शब्द आला की इकडं सिद्धेश्वरीचा चेहरा आणखी उतरायचा.

अक्षता पडल्या. वरमायेला मानाची साडी द्यायची वेळ झाली. साडी सामानाच्या खोलीत, किल्ली बायकोच्या कमरेला, आणि बायको कुठंच दिसेना! वरमाय एकदा घड्याळाकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. एका लग्नात एकच रुसवा परवडतो, दोन नाही. मी धावत जिना चढलो. वरच्या खोलीत, गादीवर, भिंतीकडं तोंड करून सिद्धेश्वरी पडली होती. तो गायब फेटा तिच्या उशाशी होता.

"अगं, ऊठ. लेकीचं लग्न आहे खाली."

"मला बरं न्हाय."

मी गोड बोललो, मग ओरडलो, मग हात जोडले. ती भिंतीलाच म्हणाली, "तुमी जावा. तुमच्यानं हुणार न्हाय."

इतक्या वर्षांच्या संसाराला हे प्रशस्तिपत्र! मी तणतणत खाली आलो. गुरुसिद्धप्पा दारात अत्तर लावतच होता.

"तुमची अक्का वर रुसलीय."

"आनंद—"

"आनंद गेला खड्ड्यात!" मी एवढ्या जोरात ओरडलो की सनईवाला थांबला. "ताट घ्या आणि वर जा!"

त्याचं हसू गेलं. तो स्वयंपाकघरात गेला, शेंगापोळी घेतली, तूप जरा जास्तच घेतलं आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाला. दार लोटलं गेलं. किल्लीसाठी मी बाहेर उभा, आणि कान काय मिटता येतात थोडेच?

"अक्का, एक घास."

"तुजा आनंद तुज्या आत. मग मी कुणासाठी पोळ्या लाटू?"

ताट फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"अक्का, सर रोज म्हणायचे, डोळे मिटा आन लई आनंदाचा क्षण आटवा. मला रोज ही आसलीच खोली दिसायची. मी भितीकडं तोंड करून पडलोय, आन तुज्या बांगड्या जिन्यात वाजत्यात."

"मग रुसणार न्हाय म्हणून कशाला सांगितलंस?"

"गेल्या लग्नात दाराच्या फटीतनं बगितलं की. एकेक पायरी धरून धरून येत हुतीस, घामाघूम. मला ताट गोड लागलं न्हाय त्या दिवशी. म्हणलं, आता हिला जिना चढवायचा न्हाय."

मी टॉवेलवाला माणूस, पण डोळे सदऱ्याच्या बाहीनं पुसले. मग आतनं माझ्या बायकोचं रडणं ऐकू आलं, मग हसणं, आणि शेवटी दारातनं किल्ली धरलेला हात बाहेर आला. वरमायेला साडी मिळाली.

तासाभरानं दोघं खाली आले. तिचा एक हात कठड्यावर, एक भावाच्या खांद्यावर, आणि त्याच्या डोक्यावर फेटा. आहेराची वेळ झाली. मी स्वतः निवडलेला, दुकानातला सगळ्यात जाड टॉवेल त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो बोटांनी चाचपला. एकवार बहिणीकडं बघितलं.

"पातळ हाय," तो भर मांडवात म्हणाला.

"काय?"

"लई पातळ हाय, दाजी! ही काय आमची किंमत?"

आणि ताडताड चालत गेला तो थेट स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. मी मागनं पळालो. तांदळाच्या पोत्यांमागं भिंतीकडं तोंड करून तो बसला होता.

"अक्काला सांगा, हितं रुसलोय म्हणून," तो हळूच म्हणाला. "हितं जिना न्हाय."

सांगायला कशाला लागतंय? सिद्धेश्वरी पदर खोचून ताट वाढतच होती. अंकिताला हाक मारून म्हणाली, "अगं, तुजा मामा रुसलाय!" तिचा चेहरा असा फुललेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. मला एकदम फार बरं वाटलं, आणि जरा हेवाही वाटला. मीही एक पोळी उचलली आणि तिच्या मागोमाग आत शिरलो.

"मला बसू द्या की तुमच्यात."

"बसा की दाजी," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "पण तोंड भितीकडं करून."

बसलो. बायकोनं पहिला घास भावाला भरवला, दुसरा मला.

पुढच्या महिन्यात माझ्या पुतण्याचं लग्न आहे. काल दुकानात नवा माल आला. गठ्ठा सोडून एकेक टॉवेल उजेडात धरून बघितला, आणि सगळ्यात पातळ होता तो गुरुसिद्धप्पासाठी बाजूला काढून ठेवला.