व्हिएन्नाच्या प्रोफेसरांची मान

वाचनालयाच्या दारात सकाळपासून अख्खं गाव लोटलं होतं. ज्याचे गुडघे दुखत होते तो आला होता आणि ज्याचे दुखत नव्हते तो जागा धरायला आला होता. आत टेबलावर टीव्ही, त्यावर कॅमेरा, टीव्हीत व्हिएन्नाचे प्रोफेसर आणि शेजारी बाटल्या मांडून काढेवाला कुझमान.

“प्रोफेसर बोलत नाहीत,” कुझमान सांगत होता. “बोललं की किरणं विस्कटतात! काचेतून ते थेट तुमच्या यकृतात बघतात. उत्तर फक्त मानेनं!”

“माझ्या यकृतात काय दिसतंय त्यांना?” एकानं विचारलं.

“राकिया! नुसती दारू!” मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

वेलिका नवऱ्याशेजारी, मिन्कोशेजारी बसली होती. तिला हसू येत नव्हतं. डोंगरातल्या गावांसाठी सरकारनं पैसे दिले, तेव्हापासून जिल्ह्याच्या इस्पितळातली डॉक्टर दर मंगळवारी याच खोलीत पडद्यावर यायची. दंडाला पट्टा बांधायला लावून रक्तदाब बघायची. म्हणून तर मिन्को वर्षभर धडधाकट होता. आता ते पैसे कुझमानच्या प्रोफेसरांकडे वळवायचा कागद गावप्रमुख रादुलच्या खिशात तयार होता. मिन्कोनं तर कुझमानचं ऐकून परवापासून रक्तदाबाच्या गोळ्याही सोडल्या होत्या.

“ती डॉक्टरीण नुसती विचारत बसते,” मिन्को कुरकुरला. “झोप लागली का, मीठ किती खाल्लं! प्रोफेसर न विचारता ओळखतात.”

वेलिका नीट बघत होती. तीन रोगी झाले. प्रोफेसर नाक खाजवायचे, चष्मा वर सरकवायचे, मग मान हलवायचे. दर वेळी तसंच. चष्मा सरकेपर्यंत कुझमान नुसता खोकायचा. सरकला की चटकन प्रश्न टाकायचा.

मिन्कोची पाळी आली. कुझमान खोकला. चष्मा सरकला.

“प्रोफेसर, यांनी गोळ्या सोडून काढा घ्यावा ना?”

प्रोफेसरांनी डावीउजवीकडे मान हलवली.

“हो म्हणाले!” गाव गरजलं. रादुलनं खिशातून कागद काढला.

वेलिका उठली. “कुझमान, साहेब कुठले म्हणालास?”

“व्हिएन्नाचे, मावशी. सात पिढ्या तिथल्याच.”

“मी तिथं नऊ वर्षं म्हाताऱ्यांची सेवा केलीये. आपल्या देशात ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतात. तिकडे आडवी मान म्हणजे ‘नाही’. पहिल्याच दिवशी मालकिणीनं सूप हवंय का विचारलं, मी हो म्हणून मान हलवली आणि उपाशी झोपले! आता तूच सांग. साहेब तिथले असतील, तर गोळ्या सोडू नका म्हणतायत. हो म्हणत असतील, तर ते इथलेच कुणीतरी आहेत. काय ते एक ठरव.”

कुझमाननं घाम पुसला. “त्यांनी... आपली रीत शिकून घेतलीये. तुमच्या मानापोटी.”

“केवढं मोठं मन!” वेलिकानं डोक्याचा रुमाल सोडून कॅमेऱ्यावर टाकला. “साहेब, अजून मिन्कोचं यकृत दिसतंय का?”

प्रोफेसरांनी नाक खाजवलं. चष्मा सरकवला. मान हलवली.

“अगं बाई, रुमालातूनसुद्धा दिसतं!” एक म्हातारी हात जोडून म्हणाली.

वेलिकानं टीव्हीमागे हात घालून पेनड्राइव्ह उपटला. प्रोफेसर गडप झाले.

“ही घ्या तुमची व्हिएन्ना,” ती म्हणाली. “दोन मिनिटांची फिल्म. संपली की पुन्हा पहिल्यापासून.”

“म्हणजे मी सरकारी पैसे या एवढ्याशा डबीला देणार होतो?” रादुलनं कागद टराटरा फाडला. तोवर कुझमान बाटल्या टाकून मागच्या दारानं पसार झाला होता.

मंगळवारच होता. चित्र अडकत अडकत इस्पितळाच्या डॉक्टर ग्रोझेवा पडद्यावर आल्या. मिन्कोच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा चांगलाच वर गेला होता.

“गोळ्या आत्ताच्या आत्ता सुरू करा,” डॉक्टर म्हणाल्या. “छातीत दुखतंय? डोळ्यांपुढे अंधारी?”

“नाही, डॉक्टर. पण हे पाय का सुजलेत?”

“ते आज सांगता येत नाही. उद्या रक्त तपासायला पाठवा.”

“हिला तर काहीच माहीत नाही!” म्हातारी हळहळली.

“माहीत नाही असं म्हणते तरी!” वेलिका म्हणाली. “म्हणूनच ती विचारते, तपासते. पडद्यावर कुणीही येवो, त्याला उलट प्रश्न विचारा, आजी. तुमचा प्रोफेसर खरा असता ना, तर म्हणाला असता, बाई, आधी तो रुमाल काढा, मला काही दिसत नाहीये.”