गादी पांघरलेला फ्रीज

मी एक जुना, गाडीत ठेवायचा फ्रीज आहे. मित्रांनो, मला तुमच्या घरातल्या फ्रीजचा धाकटा भाऊ समजा. तो भिंतीतल्या विजेवर जगतो आणि मी गाडीच्या बॅटरीवर. म्हणजे जेवणारा मी आणि ताट दुसऱ्याचं. त्या बिचाऱ्या बॅटरीने मला कधी नाही म्हटलं नाही, हीच तर खरी अडचण.

कारखान्यात माझ्या पोटात थंडावा करणारं यंत्र बसवलं. त्याची गरम हवा बाहेर पडावी म्हणून कुशीला एक जाळी ठेवली. ती जाळी म्हणजे माझं नाक. बॅटरी किती उतरली की मी आपोआप थांबायचं, हे ठरवणारं एक बटणही दिलं. तेव्हा मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं.

मला विकत घेतलं एका हौशी मुलाने. त्याचे वडील गाद्या शिवायचे, आणि गाद्या पोचवायच्या गाडीतून आम्ही सुट्टीला सहलीला जायचो. गार पाणी मिळालं की सगळे माझी पाठ थोपटायचे. पुढे मुलाचं लग्न झालं, सहली संपल्या आणि मी माळ्यावर गेलो. माझ्या पोटात कोणीतरी जुने बूट ठेवले. मला फार वाईट वाटायचं, पण फ्रीजचं ऐकतो कोण?

मग एक दिवस घाईघाईने मला खाली उतरवलं. मुलाला मुलगी झाली होती, पण दिवस भरण्याआधीच. इतकी लहान की तिला दूरच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तिची आई शस्त्रक्रियेमुळे इकडेच अंथरुणाला खिळलेली, आणि मुलगा तिच्या उशाशी. आईचं काढून ठेवलेलं दूध रोज बाळापर्यंत पोचवायचं काम गादीवाल्या आजोबांनी अंगावर घेतलं. आजींनी मला गरम पाण्याने तीनतीनदा पुसून काढलं. निघण्याआधी त्या मला वेगळी वायर लावून घरच्या विजेवर छान थंड करून ठेवायच्या, म्हणजे वाटेत बॅटरीवर ओझं कमी.

आजोबांचा जीव त्या बाटल्यांत अडकलेला. मी मध्येच थांबलो तर दूध नासेल, या धास्तीने त्यांनी माझं ते बटण अगदी खालच्या खुणेवर नेलं. बॅटरी पार रिकामी होईपर्यंत मी चालावं, असा त्याचा अर्थ. वर माझ्यासाठी मापाचं जाड कापसाचं आवरण शिवलं. काय सुरेख टाके होते! पण चारी बाजूंनी घट्ट. नाकच बंद झालं. गरम हवा बाहेर पडेना, मी धापा टाकत अखंड चालायचो आणि दुप्पट वीज खायचो. गाडी धावत होती तोवर बॅटरी भरत राहायची, म्हणून हे कोणाला कळलं नाही.

मग एका सकाळी पुलावर दुरुस्ती निघाली. गाड्यांची रांग लागली. सगळ्यांबरोबर आजोबांनीही इंजिन बंद केलं. मी मात्र खातच राहिलो. रांग हलली तेव्हा आजोबांनी किल्ली फिरवली, आणि गाडीने नुसता कण्हल्यासारखा आवाज केला. माझा दिवाही विझला. आजोबा धावत मागे आले आणि दूध बघायला झाकणाला हात घातला.

"काका, उघडू नका," मागच्या गाडीतून उतरलेली बाई म्हणाली. ती आइस्क्रीम विकायची. "बंद आहे तोवर गारवा आतच राहील."

आजोबांनी कसंबसं तिला नातीबद्दल सांगितलं. तिने माझ्या आवरणावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"हा तर तापलाय. याच्या अंगावरची गादी काढा आधी."

"गारवा टिकावा म्हणून शिवली होती," आजोबा हळूच म्हणाले.

"तुम्ही मायेनंच केलंत हो. पण याला श्वास कुठून घ्यायचा?"

तिने आपल्या गाडीची बॅटरी तारांनी आमच्या बॅटरीला जोडली. गाडी सुरू झाली. मग माझं बटण वरच्या खुणेवर नेऊन ती म्हणाली, "आता बॅटरी फार उतरायच्या आत हा थांबेल, म्हणजे गाडी चालू होईल. अन् गाडी चालू झाली की हाही चालू होईल."

दवाखान्यात परिचारिकेने बाटलीचं तापमान पाहिलं तोवर आजोबांनी श्वास रोखून धरला होता. दूध गारच होतं. त्यातलं थोडंसं नळीने बाळाच्या पोटात गेलं, आणि आजोबा काचेबाहेर उभे राहून लहान मुलासारखे रडले.

त्यानंतर आजोबा माझी जाळी मोकळी ठेवायचे, गाडी सावलीत लावायचे आणि परतताना मी रिकामा असलो की मला बंद करायचे. मी थांबलो तरी घाबरायचे नाहीत.

आणि एक दिवस पोटात बाटली न ठेवता मला गाडीत चढवलं. बाळाला घरी आणायचं होतं! दवाखान्याच्या दारात आजींनी नातीला दुपट्यावर दुपटं गुंडाळलं, वर तोंडावरून शालही ओढली. आजोबांनी गाडी सुरू केली नाही. ते वळले.

"अगं, तोंडावरचं काढ," ते म्हणाले. "तिला श्वास घेऊ दे."

मित्रांनो, आता माझं झाकणाचं रबर सैल झालंय आणि मी फारसा कामाचा नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला जरूर जपा. फक्त पांघरूण घालण्याआधी एकदा त्याच्या अंगाला हात लावून बघा.