मास्तरांची दुरुस्ती

मास्तरांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांची होती सॉफ्टवेअरची कंपनी. पण तिथल्या पोरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ते इतक्या मायेने आणि इतक्या नेमाने चुका काढत, की हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. दवाखान्यात नंबर लावायचं सॉफ्टवेअर त्यांनी बनवलं होतं. त्याआधी माणसं सकाळपासून बाकावर ताटकळत बसायची आणि 'माझा नंबर आधी' म्हणून एकमेकांवर डाफरायची. मास्तरांनी ती भांडणं मिटवली. अकरा वर्षांत दोन माणसांची कंपनी दीडशे माणसांची झाली, मग एका बड्या कंपनीने ती विकत घेतली, आणि एक्कावन्नाव्या वर्षी मास्तर रिकामे झाले.

रिकामा माणूस घरात असणं काय असतं, ते त्या घरातल्या बाईला विचारावं. पहिल्या आठवड्यात त्यांनी औषधांच्या कपाटाला तारीखवार चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्या आठवड्यात ते बायकोच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन बसले आणि तिच्या कंपाउंडरला फायली कशा लावाव्यात ते शिकवू लागले. तिसऱ्या आठवड्यात कंपाउंडर म्हणाला, "बाई, एक तर साहेब, नाहीतर मी." बाईंना फारसा विचार करावा लागला नाही.

"अहो, तुम्ही असं करा," रात्री जेवताना ती म्हणाली, "दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे घाला. नवी नवी पोरं असतात, त्यांना सल्ला हवा असतो. तुमचा वेळ जाईल आणि माझा कंपाउंडर टिकेल."

तर मास्तर असे गुंतवणूकदार झाले. गुंतवणूकदाराने बाहेर बसावं आणि विचारलं तर बोलावं, हा त्या धंद्याचा पहिला धडा. मास्तर बाहेरच बसत, पण दार किलकिलं दिसलं की हात आत. एका कंपनीची पाटी त्यांनी बदलायला लावली, दुसरीच्या पोरांना रविवारी सकाळी आठला फोन करून बटणाचा रंग सुचवला. चार वर्षांत चार कंपन्या झाल्या. एक बुडाली, आणि उरलेल्या तिघींच्या मालकांचे फोन मास्तरांसाठी कायम 'मीटिंगमध्ये' असत.

हे त्यांना लागलं होतं. बोलत नसत, पण लागलं होतं. म्हणून पाचवी कंपनी सापडली तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, की ही शेवटची. इथेही आपण नकोसे झालो, तर धंदा बंद आणि घरी गप बसणं.

ही पाचवी कंपनी एका नणंद-भावजयीची होती. भावजय वीस वर्षं शिवणकाम केलेली, गळ्यात टेप घालूनच वावरणारी, चष्मा कपाळावर. नणंद तिच्याहून बारा वर्षांनी लहान, प्रोग्रॅम लिहिणारी. दोघींनी मिळून शिंप्यांसाठी सॉफ्टवेअर केलं होतं. गिऱ्हाइकाची मापं, कापड, ट्रायलची तारीख, सगळं त्यात. नव्वद दुकानं ते वापरत होती. ऑफिस म्हणजे एका इस्त्रीवाल्याच्या वरची खोली. खालून वाफ यायची आणि भिंतीला नेहमी गरम कपड्याचा वास.

मास्तरांची एक पद्धत होती. ते कुणाचं सादरीकरण बघत नसत. म्हणत, "मला एक खुर्ची द्या आणि तुमचं काम करा." तसे ते तीन दिवस त्या खोलीत बसले. शिंप्यांचे फोन येत, भावजय उचलत असे.

"अहो काका, ते लाल दिसतंय म्हणजे मशीन बिघडलं नाही. तुमचं माप जुळत नाहीये. चष्मा लावा आणि परत लिहा. नाही, माझा नको, तुमचा लावा."

मास्तर कितीतरी दिवसांनी मनापासून हसले. तिसऱ्या दिवशी त्यांना सकाळी पाचलाच जाग आली, कामावर जायचंय म्हणून. कंपनी विकल्यापासून असं झालं नव्हतं.

"पैसे घालायचं मी जवळपास ठरवलंय," ते म्हणाले. "फक्त एक आठवडा प्रोग्रॅम आतून बघू द्या."

नणंद हरखून गेली. कॉलेजात असताना मास्तरांची भाषणं ऐकूनच ती या कामाकडे वळली होती. "सर, वेगळा पासवर्ड कुठे करत बसू, माझाच घ्या ना."

"वन्सं," भावजय म्हणाली. नणंदेवर रागवायचं असलं, की ती हा जुना शब्द काढायची. "घराची किल्ली अशी देतात का कुणाला?"

"वहिनी, सर आहेत ते!"

"हो हो, सर आहेत. म्हणून तर विचारते."

रविवारी दुपारी बायको वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपली होती, आणि मास्तर प्रोग्रॅम वाचत होते. मुलीने लिहिलं होतं नेटकं. एका जागी मात्र त्यांची भुवई वर गेली. काउंटरवरचा माणूस गिऱ्हाइकाची अकरा मापं लिहायचा. ते ठीक. पण कापायच्या आधी कटरने तीच अकरा मापं, कापडाला टाचलेल्या चिठ्ठीवरून, पहिली न बघता, पुन्हा लिहायची. दोन्ही जुळली तर पडदा हिरवा, नाहीतर लाल. अकरा मापं दोनदा! एवढं मोठं यंत्र हाताशी, आणि माणसांना पाटी गिरवायला लावताय?

मास्तरांचे हात शिवशिवू लागले. नऊ वर्षांत त्यांनी स्वतः एक ओळ लिहिली नव्हती. त्यांनी ठरवलं, की आपण हे करून दाखवू, फक्त दाखवायला. पहिली मापं आपोआप दुसऱ्या रकान्यात जातील आणि पडदा हिरवा होईल. चाळीस मिनिटांत झालं. चाललंही! इतका आनंद झाला, की त्यांनी ते तसंच कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये ठेवून दिलं. उद्या उघडेल तेव्हा पोरगी चकित होईल म्हणून.

बायको वर्तमानपत्राखालून म्हणाली, "काय करताय? शीळ घालताय म्हणजे काहीतरी नको ते करताय."

"काही नाही गं. छोटीशी दुरुस्ती."

"सांगितली होती का कुणी?"

मास्तर शीळ घालायचे थांबले, पण तेवढ्यापुरतेच. त्यांच्या कंपनीत त्यांची कुठलीही ओळ बारा माणसं तपासायची, मग बाहेर जायची. इथे तपासणारं कुणी नव्हतं. जे ठेवलं असेल ते सोमवारी सकाळी आपसूक नव्वद दुकानांत जायचं. हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

गुरुवारी ते जिना चढून गेले, तर खोलीत सुतक. नणंदेचे डोळे लाल, भावजय फोनवर. "हो, कळलं. हो, सात कोट. मी येते, मी स्वतः येते."

फोन ठेवून तिने सांगितलं. दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात एका वाद्यवृंदाचे सात लांब कोट शिवायला आले होते. काउंटरवरच्याने बाहीचं माप पाठीच्या जागी आणि पाठीचं बाहीच्या जागी लिहिलं, सातही कोटांचं. पडदा हिरवा झाला, कटरने पडद्यावरच्या मापांनी कापले. आता बाह्या गुडघ्यापर्यंत आणि पाठ जेमतेम कमरेखाली.

"कटरला शंका आली नाही?" मास्तरांनी विचारलं. आवाज जरा चोरटा झाला होता.

"आली ना. म्हणतो, वाजवणारी माणसं, हात लांब असतील म्हटलं. आणि हिरवं झालं होतं ना! चार महिने आम्हीच शिकवलंय त्यांना, हिरवं म्हणजे दोन माणसांनी बघितलं."

"मीच केलंय," नणंद म्हणाली. "रविवारचा बदल आहे, माझ्या नावावर. पण वहिनी, मला खरंच आठवत नाही. रविवारी तर मी झोपले होते."

"झोपेत केलंस मग?"

"केलं असेल! तूच म्हणतेस ना, मी झोपेत बडबडते."

मास्तर खुर्चीत बसले. खाली इस्त्रीवाल्याने फुस्सकन वाफ सोडली. त्यांच्या ध्यानात आलं, की पोरीचा पासवर्ड, म्हणून पोरीचं नाव. तोंड मिटून बसलो तर ताकास तूर लागणार नाही. ती दोन दिवस रडेल, बदल काढून टाकेल, आणि पुढच्या आठवड्यात आपण कागदांवर सह्या करू. पाचवी कंपनी, शेवटची. त्यांनी समोरचा ग्लास उचलला, सगळं पाणी प्यायले, ग्लास ठेवला.

"तू केलं नाहीस. मी केलं."

नणंदेने पडद्यावरून मान वळवली.

"मला वाटलं, उगीच दोनदा लिहावं लागतंय. मला वाटलं..." मास्तरांना बायकोने विचारलेला प्रश्न आठवला, आणि कुणी सांगितली नव्हती हे उत्तरही.

नणंदेचा चेहरा आधी मोकळा झाला, झोपेत आपण काही केलं नाही म्हणून, आणि मग हळूहळू पडला. तो पडताना बघणं मास्तरांना जड गेलं.

भावजयीने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "शिवणाचं दुकान कधी आतून बघितलंय, सर?"

"नाही."

"एक जण टेप धरतो आणि आकडा मोठ्याने बोलतो. दुसरा लिहितो आणि परत बोलतो. का? कापड एकदा कापलं, की कापलं. तुमच्या धंद्यात चुकलं तर मागे जाता येतं, कातरीला ते जमत नाही. ते दोनदा लिहिणं म्हणजेच आमचं सॉफ्टवेअर आहे. बाकी सगळं वहीतही होतं." तिने पिशवी उचलली. "चला."

"कुठे?"

"त्या कटरच्या हातातून मालकाने कातर काढून घेतलीय. तीस वर्षांत पहिल्यांदा. कोटांचं नंतर बघू."

तिघं पोचले तेव्हा कटर दुकानाच्या पायरीवर बसला होता, पाठ दुकानाकडे. मालक आत, सातही कोट टेबलावर पसरून उभा. मास्तरांनी पायरीवरच सांगायला सुरुवात केली, पण भावजय म्हणाली, "आत या, मालकांसमोर." मग कटरलाही बरोबर घेऊन त्यांनी आत जाऊन पहिल्यापासून सांगितलं. दीडशे माणसांच्या कंपनीचा एकेकाळचा मालक, टेबलाशी उभा राहून, पासवर्ड आणि रकाने समजावत होता. दुकानाच्या मालकाला रकाने कळले नाहीत. "म्हणजे ह्याची चूक नाही?" त्याने विचारलं.

"नाही. माझी."

मालकाने कातर टेबलावर कटरच्या बाजूला सरकवली. कटरने ती लगेच उचलली नाही. मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाला, "साहेब, कोट शिवायचा असेल कधी तर या. मापं मीच घेईन. दोनदा."

त्याच ताग्याचं कापड सुदैवाने शिल्लक होतं. पाठी नव्याने कापल्या, बाह्या आखूड केल्या, नुकसान मास्तरांनी भरून दिलं. ते सोपं होतं.

परत येताना नणंद पुढे चालत राहिली. मास्तर भावजयीला म्हणाले, "तुम्ही दुसरा कुणी बघा. मी समजू शकतो."

"तुमचं समजणं जरा घाईचं असतं, सर." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही सांगितलं नसतं, तर आम्हाला कधी कळलं नसतं. हे मला कळतंय. पण तिने तुम्हाला डोक्यावर घेतलं होतं आणि तुम्ही तिच्या नावावर काम केलंत, हेही मला कळतंय. आम्ही कोट आधी धाव दोऱ्याने जोडतो. अंगावर बघतो. बसला तर पक्की शिलाई, नाही तर दोरा ओढून मोकळं. तुम्हाला सहा महिने धाव दोरा. पासवर्ड नाही. पैसे घालायचे तर शिलाई पक्की झाल्यावर."

"आणि तिचं?"

"तिचं तिला विचारा. पण आज नको."

मास्तर दर गुरुवारी येऊ लागले. नणंद कामापुरतं बोलायची, 'सर' म्हणायची, पण आधीच्या 'सर'मधली साखर गेली होती. बायको म्हणाली, "जित्याची खोड. सहा आठवडे टिकलात तर मी कंपाउंडरला पेढे वाटायला सांगेन." मास्तर टिकले. काही सुचलं, की ते दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसत. भावजयीला ते दिसायचं आणि ती खिडकीकडे तोंड करून हसायची.

सातव्या गुरुवारी एका शिंप्याची तक्रार आली. गिऱ्हाईक वर्षभराने येतं, अंगाने बदललेलं असतं, आणि सॉफ्टवेअर जुनंच माप पुढे करतं. नणंद बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. मग खुर्ची वळवून म्हणाली, "सर, तुम्हाला काय वाटतं?"

सात आठवड्यांत तिने पहिल्यांदाच विचारलं होतं. मास्तरांनी हात बाहेर काढले, घसा साफ केला आणि पाच मिनिटं सांगितलं. जुन्या मापावर तारीख, सहा महिन्यांनी आठवण, वगैरे वगैरे. चांगलं होतं ते.

नणंदेने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही सर. हे नाही चालणार."

"का?"

"कारण 'तुमचं माप बदललंय' हे गिऱ्हाइकाला मशीनने सांगितलेलं आवडत नाही. शिंप्याने टेप लावत हळूच सांगितलं, तर ते हसतं. जुनं माप दाखवायचंच नाही. शिंप्याने टेप काढलाच पाहिजे."

मास्तरांनी तिचं म्हणणं मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं, चूक शोधली, आणि ती सापडली नाही.

"काय झालं सर, तोंड का पाडलंत?" भावजयीने विचारलं.

"पाडलं नाही. ते असंच आहे," मास्तर म्हणाले. "कर, तुझं कर. बरोबर आहे तुझं."

नणंद खुर्ची वळवून लिहायला लागली. थोड्या वेळाने, मागे न बघता, म्हणाली, "सर, जाऊ नका लगेच. झालं की दाखवते."

मास्तर बसून राहिले.