मोरपंखी गाडीची दाढी

आर्वीच्या किसनरावांनी विकायला काढलेली जुनी गाडी दाखवली तेव्हा बाबा इंजिनाचा आवाज ऐकत होते आणि मी रंग बघत होते. बाजारात वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून ती स्कूटर लालवरून उकडलेल्या बिटाच्या पाण्यावर आली होती. पुढच्या मडगार्डावर पोपडे, डावीकडे खरचटलेलं, आणि एका ठिकाणी माझं बोट जाईल असा खड्डा. मला ती बघताक्षणी आवडली.

"हिले मी घरीच रंगवतो," मी जाहीर करून टाकलं.

किसनराव हसले. "रांगोळी आहे काय ते, पोरी?"

"रांगोळी तर मले येतच नाई," मी म्हटलं. "म्हणून तर रंगवतो."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मी अशी परक्या माणसाला उत्तरं देणारी पोरगी नव्हतेच कधी. ते काम छायाचं.

छाया म्हणजे देवळीत आमच्या गल्लीतलीच, बालवाडीपासून माझ्या बाकावरची. दुकानात, शाळेत, बसमध्ये ती बोलायची आणि मी तिच्या मागं उभी राहून मान हलवायची. माझं नाव प्रेरणा, पण तिनं त्याचा पेरू करून टाकला होता. दहावीत आम्ही ठरवलं होतं की जिच्याकडे आधी गाडी येईल तिनं दुसरीला डबलसीट घेऊन पवनारला न्यायचं आणि धाम नदीच्या पात्रातल्या खडकावर बसून शेंगदाणे खायचे. गाडी मोरपंखीच पाहिजे, हा तिचा हट्ट. मग ती क्लासेससाठी नागपूरला होस्टेलवर गेली. मी इथंच राहिले आणि माझी मी बोलायला शिकले. दुसरं करणार काय? बाकावर शेजारी कोणी नसलं की सरांच्या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. यंदा तर तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. छायाला फोटो पाठवला. तिनं टाळ्यांचं चित्र पाठवलं. पूर्वी तिचे फोन यायचे, आता मेसेज येतात.

आता मी बारावीत, अठरा पूर्ण, लायसन हातात. गाडीचा फोटो पाठवून विचारलं, येशील ना? तिचं उत्तर आलं, "दसरा पक्का." दोनच शब्द, पण मी ते दिवसभर उघडून उघडून वाचले.

अण्णाजींच्या हार्डवेअरच्या दुकानात मी अगदी ऐटीत गेले. वॉटर पेपर द्या, प्रायमर द्या, मोरपंखी स्प्रे द्या.

"अन् लांबी?" अण्णाजींनी विचारलं.

"लांबी? मी काही मोजली नाई. राहीन की चार-पाच फूट."

दुकानातली सगळी माणसं हसायला लागली. एक काका तर रंगाच्या डब्यावर बसूनच हसले. मग कळलं, खड्डे बुजवायच्या लगद्याला लांबी म्हणतात. पूर्वीची मी असते तर तिथंच रडले असते. आता म्हटलं, "बरं, मग द्या अर्धा फूट लांबी," आणि सगळे पुन्हा हसले, पण या वेळी माझ्यासोबत. घरी येताना वाटलं, हे छायाला सांगायला पाहिजे. फोन काढला. मग वाटलं, लिहून कळवण्यात काय मजा? समोरच सांगू.

दसऱ्याचे दिवस म्हणजे सोयाबीन काढणीचे. आई-बाबा सकाळीच वावरात जायचे. मी शाळेतून आले की कुलूप उघडायची, कपडे बदलायची आणि गाडीजवळ बसायची. पाणी मारत मारत वॉटर पेपरनं घासायचं. लाल पाणी अंगणभर व्हायचं. घासण्याचा आवाज एकसारखा असतो, खस्स खस्स, आणि घरात दुसरा आवाजच नाही. मग मी गाडीशीच बोलायची. छायाला काय काय सांगायचं त्याची तालीम करायची. तिच्या वाटचं पण मीच बोलायची.

"काऊन व पेरू, बोटं पाह्य तुयी, म्हातारीसारखी झाली!"

"तू घास मग, लय शहाणी!"

लांबी भरली, वाळू दिली, पुन्हा घासली. खड्डा कुठं होता ते मलाही सापडेना. प्रायमर मारला. गाडी सगळी राखाडी झाली, न्हाऊन आलेल्या म्हशीसारखी. स्प्रे आधी एका जुन्या पिंपावर मारून पाहिला. जवळून मारला की ओघळ येतात, हे पिंपावरच शिकले. इतकी मी हुशार!

पण खरा रंग मारायचा कुठं? रस्त्यानं सोयाबीनच्या ट्रॉल्या चाललेल्या, सगळीकडे धूळ आणि भुसा. मग मला सुचलं, मागची खोली. तिथं दरवर्षी आमचा कापूस भरतात, आणि नवा यायचा होता, म्हणून ती रिकामी होती. मी खोली झाडली, फरशी पुसली, गाडी आत ढकलली. दारं-खिडक्या उघड्या ठेवून, तोंडाला ओढणी बांधून पातळ पातळ हात मारले. प्रत्येक हाताला रंग खोल होत गेला. शेवटच्या हाताला तर असा मोरपंखी उतरला की मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या. आता लवकर वाळावा म्हणून पंखा लावला आणि चहा करायला गेले.

परत आले आणि दारातच थिजले. फरशी मी पुसली होती, पण छताची लाकडं कोण पुसणार? कैक वर्षांचा कापूस तिथं तंतू-तंतू होऊन बसलेला होता. पंख्यानं तो सगळा खाली बोलावला, आणि ओल्या रंगावर तो सगळा येऊन चिकटला. मडगार्डावर सगळ्यात जास्त. ओढायला गेले तर रंगही सोबत यायला लागला. ओला रंग घासताही येत नाही. आणि दसरा उद्यावर.

आई आली, तिनं पाहिलं. "अव माय! हे काय उगवलं?"

मी रडणारच होते. पण तेवढ्यात कानात स्वच्छ ऐकू आलं, छायाच्या आवाजात: "गाडीले दाढी आली काय व, पेरू?" आणि मी हसायलाच लागले. हे ती म्हणणारच. शंभर टक्के. पंधरा दिवस चिडवायला पुरेल एवढं खाद्य तिला आयतं मिळालं होतं. रंग बिघडला याचा मला जवळजवळ आनंदच झाला.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, आईनं कुंकू लावलं. दुपारी गल्लीच्या तोंडाशी एक कार थांबली आणि छाया आली. फिकट बदामी ड्रेस, मोकळे केस, हातात आपट्याची पानं.

"प्रेरणा! किती बदललीस गं!"

"पेरू मेली काय?"

ती हसली, पण तोंडावर हात ठेवून. असं ती आधी हसत नव्हती.

मी तिला ओढतच गाडीजवळ नेलं. "पाह्य."

ती गाडीभोवती फिरली. मडगार्डाशी थांबली. मला वाटलं, आता म्हणणार.

"अय्या, किती छान केलंस! मला तर कधीच जमलं नसतं."

मला. छाया 'मला' म्हणाली. 'मले' नाही.

"नीट पाह्य ना," मी म्हटलं आणि तिचं बोट धरून त्या लवेवर फिरवलं. "इथं."

"हो ना, टेक्श्चर मस्त आलंय."

मी तिचं बोट सोडलं. मग मी म्हटलं, "चाल, पवनारले. शेंगदाणे पण घेतले."

तिनं सीटकडे पाहिलं, ड्रेसकडे पाहिलं. "रंग लागेल का गं?"

"नाई लागत. वाळला."

"खरंच यायचं होतं. पण मामा थांबलेत, आजच नागपूरला पोचायचंय. दिवाळीला नक्की, हं?"

कारचा हॉर्न वाजला. तिनं पानं माझ्या हातात दिली, मला घट्ट मिठी मारली आणि गेली. ती वाईट वागली असं नाही. फार चांगलीच वागली. पाहुणी वागते तशी.

आई दारात आली. "गेली काय?"

"हाव. मी येतो जाऊन पवनारले."

"एकटी?"

"एकटीच."

आईनं गाडीवरचा हार नीट केला. मग म्हणाली, "उजेडात येजो वापस."

गल्लीच्या बाहेर आल्यावर मी गाडी थांबवली, वाकून मडगार्डावरून हात फिरवला आणि मोठ्यानं म्हटलं, "गाडीले दाढी आली काय व?" तिच्या आवाजात म्हणायला गेले. निघाला माझाच आवाज.

वर्धा शहर मागं टाकलं, पवनार आलं. पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली, पाय टेकले. धामला भरपूर पाणी होतं, आमचा खडक अर्धा बुडालेला. उतरायला गेले आणि ध्यानात आलं, मी सीटच्या अगदी पुढच्या टोकाला बसले होते. देवळीपासून तशीच, मागं एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. मांड्या भरून आल्या होत्या.

खडकाकडे बघत शेंगदाणे खाल्ले, सगळे. मग गाडी वळवली आणि परतताना मधोमध बसले.