उठून गेलेल्यांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतला नव्हे, बागेतला नव्हे आणि एसटी स्थानकावरचा तर मुळीच नव्हे. त्या बाकांवर माणसं आपणहून बसतात. मी फुटबॉलच्या मैदानाकडेचा, राखीव खेळाडूंचा बाक. माझ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच असतं, की इथून कधी एकदा उठतो! असल्या पाहुण्यांचा पाहुणचार करण्यात सगळं आयुष्य गेलं, तर स्वभाव थोडा तिरकस होणारच. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म हर्णेचा. तिथे बंदरावर होड्या दुरुस्त करणाऱ्या हरिश्चंद्र सुतारांकडे ऐनाच्या लाकडाच्या दोन फळ्या उरल्या होत्या. होडीला त्या आखूड पडल्या. एरवी अशा फळ्या चुलीत जातात. पण रत्नागिरीच्या दीपस्तंभ या मुलींच्या फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक चारुदत्त सर त्या दिवशी बंदरावर आले होते. तेव्हा ते तरुण होते आणि क्लबही नवा होता. त्यांनी बाक मागितला. हरिश्चंद्र म्हणाले, "बाक करून देतो, पण तेल होडीचंच लावणार. खारा वारा काय बाक बघून सोडतो काय?" आणि त्यांनी मला माशाचं तेल असं चोळलं, की तो वास आजतागायत गेलेला नाही.

रत्नागिरीत माझे सुरुवातीचे दिवस मानाचे होते. एका अंतिम सामन्यात माझ्यावरची एक मुलगी शेवटच्या काही मिनिटांसाठी मैदानात गेली आणि तिने गोल मारला. मग काय विचारता! पोरींनी मला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात माझा डावा पाय स्पष्ट दिसत होता. पण कौतुक म्हणजे अळवावरचं पाणी. क्लब मोठा झाला, वरच्या लीगमध्ये गेला. राखीव खेळाडूंसाठी छपराखाली गादीच्या खुर्च्या आल्या. माझी रवानगी पंपाच्या खोलीमागे झाली, पण मैदान तिथूनही दिसायचं. ज्यांना त्या खुर्च्यांवरही जागा नव्हती, त्या मुली सामन्याला आणि सरावाला माझ्यापाशी येऊन बसत. म्हणजे राखीवांमधल्या राखीव!

त्यांच्यात एक ऋतिका होती. हर्णेची मुलगी, गोलरक्षक, कॉलेजसाठी रत्नागिरीत आलेली. बाकीच्या मुली माझ्या वासाने नाक मुरडायच्या. ही पहिल्याच दिवशी बसली, फळीवर हात फिरवला आणि म्हणाली, "तू आमच्याकडचा दिसतोस." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

गोलरक्षकाचं दुःख तुम्हाला ठाऊक आहे का? पुढे खेळणाऱ्या दमतात, त्यांच्या जागी दुसऱ्या जातात. गोलरक्षक मात्र एकच, आणि ती सहसा बदलत नाही. आमच्या पहिल्या गोलरक्षकाचं नाव सावनी. तिची तब्येत म्हणजे काळा कातळ. कधी साधी शिंकही नाही. ऋतिका दोन वर्षं वाट बघत होती. एकदा सामन्यात सावनी पाय धरून खाली बसली, तेव्हा ऋतिका ताडकन उभी राहिली. सावनीच्या बुटाची नाडी सुटली होती, एवढंच. ऋतिका परत खाली बसली आणि आपल्या मनात काय येऊन गेलं याची तिला इतकी लाज वाटली, की सामना संपल्यावर तिने सावनीला स्वतःच्या हाताने कोकम सरबत करून दिलं. सावनीला बिचारीला कारण कधीच कळलं नाही.

हे सगळं चारुदत्त सरांना दिसत होतं. एके दिवशी ते पंपाच्या खोलीमागे आले आणि चक्क माझ्यावर बसले. म्हणाले, "मुलींनो, सरावाने पाय तयार होतात. छाती सामन्यातच तयार होते. मी तुमचा वेगळा संघ करतोय. आपला दुसरा संघ यंदा खालच्या लीगमध्ये खेळेल." पोरींनी अशा उड्या मारल्या, की माझा एक खिळा निघाला. ऋतिकाच्या शेजारी बसणारी वेदिका सगळ्यांत लहान, ती तिसरी गोलरक्षक. तिला तर रडूच आलं.

पण घोडं पेंड खात होतं ते पुढेच. खालच्या लीगमध्ये गावांचे संघ खेळतात. हर्णे, केळशी, मुरुड असे. तिथे जागा मोजक्या. दीपस्तंभचा दुसरा संघ आत आला, तर गेल्या वर्षी तळाला राहिलेला संघ बाहेर जाणार होता. आणि तळाला होतं हर्णे.

हर्णेचा संघ उभा केला होता ऋतिकाच्या आत्याने, मथुराबाईने. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारी बाई ती. तिचा फोन आला तेव्हा ऋतिका माझ्यावरच बसली होती. त्या आवाजाला फोन कानाशी न्यायची गरज नव्हती, मलाही सगळं ऐकू आलं.

"तुमचा एक संघ वर हाय ना? मग खाली दुसरा कशाला? मोठ्या ट्रॉलरनं खोल पाण्यात जावं. कडेच्या पाण्यात आमच्या लहान होड्या. तिथंपण तोच आला तर आम्ही काय वाळू चाळायची?"

"आते, पण मला खेळायला मिळेल गो."

मथुराबाईचा लिलावातला चढा आवाज एकदम उतरला.

"खेळ बाय," ती म्हणाली. "पण इथल्या पोरींना घरी बसवून मिळालेला खेळ तुला गोड लागेल काय, ते तुझं तू बघ."

मित्रांनो, खरं सांगू? मला दोन्ही बाजू पटत होत्या. मोठा क्लब नुसता आडदांडपणा करत नव्हता. त्याला मुलींची काळजी होती. आणि मथुराबाईही उगाच भांडत नव्हती. तिच्या संघाला ती एकच जागा होती. दोघंही खरी असली म्हणजे पंचाईत जास्त होते.

लीगच्या समितीवर मालिनीताई होत्या, दापोलीच्या, खेळाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी तोडगा काढला. हर्णे आणि दीपस्तंभचा दुसरा संघ यांनी एक सामना खेळावा. दीपस्तंभ जिंकलं तर जागा त्यांची. हर्णे जिंकलं किंवा बरोबरी झाली, तर जागा हर्णेची. सामना हर्णेत, लिलावाच्या आधी.

दुसऱ्या संघाला गादीच्या खुर्च्या कोण देणार? मला टेम्पोत टाकलं. असा मी इतक्या वर्षांनी माहेरी आलो. सुकत घातलेल्या मासळीचा वास आला आणि माझ्या वासाला प्रथमच कुणी नाक मुरडलं नाही. हर्णेच्या संघाकडे बाकच नव्हता. बसवायला राखीव खेळाडूच नव्हत्या, तर बाक काय करायचा? होत्या तेवढ्या सगळ्या मैदानात होत्या.

ऋतिका आपल्याच गावाविरुद्ध गोलमध्ये उभी राहिली. मथुराबाईने तिच्याकडे बघितलंही नाही, पण पहिला चेंडू तिने झेप घेऊन अडवला तेव्हा आत्याच्या तोंडून "शाब्बास गो!" निसटलंच. मग तिने घाईने पदर तोंडाला लावला.

मध्यंतराच्या जरा आधी घात झाला. हर्णेची गोलरक्षक अक्षया मनगटावर पडली. हात सुजला, हातमोजा घालवेना. गोलमध्ये दुसरं उभं राहणारं कुणी नव्हतं. अजून एकही गोल झाला नव्हता. पण आता गोलात पुढची एखादी पोर उभी करायची आणि एक खेळाडू कमी घेऊन झुंजायचं, म्हणजे जागा गेल्यातच जमा होती. हर्णेच्या पोरी वाळूत खाली मान घालून बसल्या.

आमच्या बाजूच्या मुली हळूच हसत होत्या. ऋतिका नाही. ती माझ्यापाशी पाणी प्यायला आली होती. तिने बाटली माझ्यावर ठेवली आणि मैदान ओलांडून सरळ आत्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आते, खलाशी आजारी पडला तर होडी किनाऱ्याला ठेवतात काय?"

"नाय ठेवत."

"मग काय करतात?"

"शेजारच्या होडीवरचा मागून घेतात." मथुराबाईने बोलून टाकलं आणि मग तिच्या ध्यानात आलं.

"मग माग ना," ऋतिका म्हणाली.

मित्रांनो, मागणं सोपं नसतं. उभ्या बंदराला आवाजाने हलवणारी ती बाई आमच्याकडे चालत आली. तिचं तोंड लाल झालं होतं. माझ्यासमोर चारुदत्त सर उभे होते. ती खालच्या आवाजात म्हणाली, "सर, आमच्या होडीला माणूस कमी पडलाय. तुमचा एक द्याल काय?"

सरांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग ऋतिकाकडे, मग माझ्याकडे. माझ्या टोकाला वेदिका बसली होती, गुडघे जवळ घेऊन. सरांनी तिला उठायची खूण केली. मग म्हणाले, "वेदिका, हातमोजे चढव. ऋतिका आज हर्णेकडून खेळेल." सामना बघायला आलेल्या मालिनीताईंनीही हरकत घेतली नाही.

आमची कर्णधार मात्र भडकली. "ऋतिका, तू आमची की त्यांची?"

"आज त्यांची. उद्या सकाळी सरावाला तुमचीच."

पुढचा अर्धा सामना मी ज्या जीवाने बघितला, तो मलाच ठाऊक. एका गोलमध्ये ऋतिका, दुसऱ्यात वेदिका. ऋतिकाला आमच्या प्रत्येक मुलीचा पाय माहीत होता. कोण डावीकडे मारते, कोण डोळ्यांनी फसवते, सगळं दोन वर्षं माझ्यावर बसून पाठ केलेलं. आमच्या कर्णधाराने अगदी जवळून मारलेला चेंडू तिने बोटांच्या टोकांनी वर उडवला. आणि वेदिका! हर्णेची एक मुलगी एकटीच चेंडू घेऊन आली तेव्हा ती चिमुरडी तिच्या पायाशी अशी झेपावली, की मथुराबाईने दोन्ही बाजूंना शिव्या आणि शाबासकी एकदमच दिली.

गोल कुणाचाच झाला नाही. बरोबरी. जागा हर्णेची राहिली. तोवर होड्या आत येऊ लागल्या होत्या, मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात उतरल्या होत्या आणि बायका डोक्यावर पाट्या घेऊन बंदराकडे निघाल्या होत्या. लिलावाची वेळ झाली तरी मथुराबाई तशीच उभी.

चारुदत्त सर माझ्यापाशी आले. मी रिकामा होतो. वेदिका मैदानात मुलींच्या घोळक्यात होती. त्यांनी फळीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मथुराताई, मला आणखी एक संघ कुठे हवा होता? मला माझ्या पोरी खेळायला हव्या होत्या. माझंच गणित चुकलं. खलाशी पाठवायचे सोडून मी होडीच आणत होतो."

"खलाशी पाठवा की," मथुराबाई म्हणाली. "पण हंगामभर राहायला पाहिजे हां. ऐन मोसमात तुमच्या वरच्या संघाला पोर लागली म्हणून ओढून न्यायची नाय."

"नाही नेणार," सर म्हणाले. मालिनीताईंनी ते समितीच्या बैठकीत मांडलं आणि ठरलं. यंदा दीपस्तंभच्या राखीव मुली वेगवेगळ्या गावांकडून खेळताहेत. सगळं गोडच झालं असं नाही. केळशीच्या संघाने अजून तरी उसनी खेळाडू घ्यायला नकार दिलाय. आमच्या पोरी आम्हीच घडवू, म्हणाल्या. त्यांचंही चूक कसं म्हणावं? पण मुरुडला वेदिका गोलमध्ये उभी राहते आणि ऋतिका हर्णेला. अक्षयाचा हात बरा झाल्यावर दोघी आळीपाळीने खेळतात.

आणि मी? मला सरांनी परत नेलंच नाही. "ही हर्णेचीच फळी," म्हणाले. आता मी इथे मैदानाच्या कडेला असतो. राखीव मुली आता इथेही आहेत, कारण संघ टिकला म्हणून नव्या मुली येऊ लागल्या. परवा ऋतिका माझ्यावर बसली होती, त्या दिवशी अक्षयाची पाळी होती. मी धास्तावलो. पण ती पाय हलवत मजेत शेंगदाणे खात होती. पुढच्या सामन्यात आपण खेळणार हे ठाऊक असलेलं माणूस बाकावर किती वेगळं बसतं, ते मी प्रथमच अनुभवलं. किती हलकी वाटली म्हणून सांगू!

मित्रांनो, एक मागणं आहे. खाऱ्या वाऱ्याने माझे खिळे गंजतात. पाऊस लागण्याआधी मला आत घ्या, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, म्हणजे मी अजून पुष्कळ टिकेन. तुमच्या शाळेत, गल्लीत, मैदानात माझी भावंडं असतील. त्यांनाही जपा. आणि त्यांच्यावर जी मुलं बसलेली असतील ना, त्यांच्याकडे जरा बघा. त्यांची पाळी कधी, ते त्यांना सांगा.

आता मला थांबायला हवं. माझ्यावर एक नवी मुलगी येऊन बसली आहे, नखं खात. आणि बंदराच्या वाटेवरून मथुराबाईचा आवाज येतोय, "काय गो, बसलीस काय? ऊठ, तुझी पाळी!"