तळघरातली ढिली चकती

जर्मनीत, नेकारसुल्मजवळच्या त्या गावात राहायला येऊन हृषिकेश उकिडवेला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत खालच्या मजल्यावरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, रोमिंगरांचा त्याच्याशी संबंध आला तो फक्त केहरवोखेपुरता. केहरवोखे म्हणजे जिना झाडायच्या पाळीचा आठवडा. रोमिंगर त्याबद्दल तोंडाने बोलत नसत, दाराला चिठ्ठी लावत. आजवर चार चिठ्ठ्या आल्या होत्या आणि चौथीला कोपऱ्यातल्या धुळीचा फोटो जोडलेला होता.

त्यामुळे शनिवारी सकाळी दारात प्रत्यक्ष रोमिंगर उभे दिसले तेव्हा हृषिकेश आधी झाडूच शोधायला लागला.

"हेर उकिडवे, तुम्ही स्क्रूचे तज्ज्ञ आहात ना?" रोमिंगरांनी विचारलं.

होता तो. मोटारीच्या कारखान्यात मागचं सीट तळाला धरून ठेवणारे चार बोल्ट असतात, त्या चार बोल्टांची जबाबदारी अकरा वर्षं त्याच्याकडे होती. तसं त्याच्या कार्डावर छापलेलंही होतं, फक्त बरंच लांबलचक.

रोमिंगर पोस्टातून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. गावच्या शुत्सेनफेराइनचे, म्हणजे नेमबाजी मंडळाचे, ते प्रमुख. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून त्या पुन्हा भरायचा सरकारी परवाना अख्ख्या मंडळात त्यांच्या एकट्याकडे होता. तळघरात त्यासाठी हाताने चालवायचा एक प्रेस बसवला होता. त्या प्रेसवर पुंगळ्या धरणारी गोल चकती असते, ती ढिली झाली होती. अडीच वर्षं ती खुळखुळत होती आणि अडीच वर्षं मंडळ प्रत्येक स्पर्धेत शेवटून पहिलं येत होतं.

"कारण स्पष्ट आहे," रोमिंगर म्हणाले. "चकती हलते, मग सगळी काडतुसं सारखी होत नाहीत. मंडळाच्या सभेच्या इतिवृत्तात तशी नोंद आहे."

आतून हृषिकेशच्या सासऱ्यांचा आवाज आला, "चारू, काय म्हणतोय गं तो?"

"बाबा, त्यांच्या तळघरात दारू भरायचं मशीन आहे, ते ढिलं झालंय," चारुलता म्हणाली.

"एवढा सभ्य माणूस, आणि घरात दारू गाळतो?"

"बंदुकीची दारू हो, बाबा."

शरदचंद्र पेंढारकरांनी हातातलं जुनं मासिक मिटलं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, टूलरूममध्ये, चौतीस वर्षं काढलेला हा माणूस. लेकीकडे येऊन दहा दिवस झाले होते आणि एवढ्या काळात त्यांच्या वाट्याला एकच काम आलं होतं, चार रंगांच्या डब्यांत कचरा वेगळा करायचं. त्यातही दोनदा चूक निघाली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि चपला शोधायला लागले.

"बाबा, लगेच नाही जायचं," हृषिकेश म्हणाला. "आधी डेटा लागेल."

नऊ वर्षांनी शेजाऱ्याने काही मागितलं होतं. हृषिकेशला ते व्यवस्थित करून द्यायचं होतं. त्याने प्रेसचे अठ्ठावीस फोटो मागवले, अमेरिकेतल्या बनवणाऱ्यांना ईमेल लिहिली आणि ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून मोजमापाचं उपकरण आणलं. दोन आठवडे जेवताना तो हातातल्या चमच्याने ताटात चकती आणि बोल्ट काढून दाखवत होता. सासरे आमटी ओरपत. चौदा स्लाइड्स तयार झाल्या तेव्हा सगळे तळघरात उतरले. भाषांतराला चारुलता होतीच, कारण तिघांत सर्वांत चांगलं जर्मन तिचं.

रोमिंगरांनी दारूचं कपाट कुलूपबंद केलं होतं. ते त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं ओढून दाखवलं. मग हृषिकेशने लॅपटॉप उघडला.

"आल्झो, ढिलेपणाची संभाव्य कारणं सात," त्याने सुरुवात केली.

तो चौथ्या कारणावर असताना बाबा प्रेसपाशी जाऊन उभे राहिले. दोन बोटांनी त्यांनी चकती हलवली, वाकून कान लावला आणि मधल्या मोठ्या बोल्टच्या बाजूला जमलेली काजळी नखाने खरवडली. खाली पिटुकला स्क्रू निघाला.

"चारू, विचार त्यांना, हा स्क्रू कधी सैल केला होता?"

चारुलताने विचारलं. रोमिंगर वाकले, पुन्हा वाकले. "कोणता स्क्रू?"

मोठा बोल्ट सुटू नये म्हणून त्याला अडकवून धरणारा तो स्क्रू होता. रोमिंगर अडीच वर्षं दर रविवारी त्याला हात न लावता मोठा बोल्टच आवळत होते. बाबांनी आधी छोटा स्क्रू सैल केला, आटे फडक्याने साफ केले, चकती जेमतेम अडखळत फिरेल इतकाच मोठा बोल्ट आवळला आणि मग छोटा घट्ट केला. चकती हलवून पाहिली. हलेना.

"फेर्टिश," ते म्हणाले. म्हणजे झालं. त्यांना येणाऱ्या पाच जर्मन शब्दांपैकी हा एक.

"पण बाबा, अजून दहा स्लाइड्स आहेत," हृषिकेश म्हणाला.

रोमिंगरांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. पुढच्या शुक्रवारी बाबांना मंडळात बोलावणं आलं. एकेचाळीस सभासद उभे राहिले, टाळ्या झाल्या, आणि ज्या माणसाला इथे कचऱ्याचे डबेही जमत नव्हते त्याला सगळे 'हेर माइस्टर', म्हणजे उस्ताद, म्हणू लागले. येताना बाबा जिन्यात दोनदा थांबले. दम लागला म्हणून थांबलो असं ते म्हणाले, पण चारुलताने त्यांचे डोळे पाहिले होते.

पंधरा दिवसांनी शेजारच्या गावाशी स्पर्धा झाली. मंडळाने नव्या, एकसारख्या, निर्दोष काडतुसांनी नेम धरला आणि शेवटून पहिला नंबर पटकावला. गुण तर आधीपेक्षा अकराने कमी.

त्यानंतर गावात विचित्र शांतता पसरली. बेकरीत कोणी बाबांना 'हेर माइस्टर' म्हणेना. मंडळाच्या खजिनदार बाई रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागल्या. अडीच वर्षं सगळ्यांना पुरलेली सबब या परक्या म्हाताऱ्याने फडक्याने पुसून टाकली होती.

स्पर्धेनंतरच्या तिसऱ्या शनिवारी रोमिंगर आणि खजिनदार बाई प्लमचा केक घेऊन वर आले. केक खाऊन झाला, हवेबद्दल बोलून झालं, मग रोमिंगरांनी घसा साफ केला.

"हेर माइस्टरना विचारा, अजून कुठे काही ढिलं असू शकेल का?"

बाबा म्हणाले, "मशीन ठणठणीत आहे. माणसांचे हात हलतात."

चारुलताने क्षणभर विचार केला आणि जसंच्या तसं सांगून टाकलं.

बाई रिकाम्या बशीकडे बघत राहिल्या. रोमिंगरांचे कान लाल झाले. ते हळू आवाजात म्हणाले, "मग ती चकती थोडीशी... जशी होती तशी करता येईल का?"

हे ऐकून बाबा उठून उभे राहिले. "चौतीस वर्षांत मी एकही पार्ट मुद्दाम बिघडवून दिलेला नाही. सांग त्यांना." आणि ते खोलीत निघून गेले.

चारुलता तोंड उघडणार तेवढ्यात हृषिकेश मध्ये पडला. "बाबा म्हणतात, याचा सखोल अभ्यास व्हायला हवा." मग घाईने पुढे म्हणाला, "मी करतो."

त्याने तो केला. दहा दिवसांत बावीस पानी अहवाल तयार झाला. चकती दुरुस्त झाल्यामुळे आता खरं कारण समोर आलं आहे आणि ते तळघरातल्या हवेत आहे, असा निष्कर्ष त्यात होता. आर्द्रता कमीजास्त होते, तेव्हा दोन वर्षं मोजमाप घेतल्याशिवाय कोणाच्याही नेमबाजीबद्दल मत देणं घाईचं ठरेल. मंडळाने अहवाल एकमताने स्वीकारला. भिंतीवर हवेतला ओलावा मोजणारं यंत्र लागलं. हृषिकेशला सभासद करून घेतलं आणि त्याच्यासाठी 'तांत्रिक कारणांचा प्रतिनिधी' असं नवं पद काढलं. बेकरीतली बाई त्याला नावाने हाक मारायला लागली. रोमिंगर जिन्यात थांबून त्याच्याशी हवेबद्दल बोलत. खरंतर ओलाव्याबद्दलच, पण बोलत.

घरात मात्र बाबा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. पुण्याला परतायला चार दिवस उरले तेव्हा जेवताना त्यांनीच विषय काढला.

"हृषिकेशराव, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना, बाबा."

"तिथे ओलावा नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

हृषिकेशने पोळीचा तुकडा मोडला. "थोडा आहे, बाबा. सगळ्याच तळघरांत असतो."

"पण नेम त्याने चुकत नाही."

"नाही."

"मग लिहिलंत कशाला?"

हृषिकेशने तो तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "नऊ वर्षं झाली, बाबा. परवा रोमिंगर मला 'तू' म्हणाले. इथे ते सहज मिळत नाही. तुम्ही त्यांना खरं सांगितलंत आणि त्यांनी रस्ता बदलला. मला इथेच राहायचंय."

बाबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही ते कळलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कारखान्यातही असंच करता का?"

"छे हो, बाबा," हृषिकेश मनापासून म्हणाला. "तिथे माझ्या हाताखाली सहा जण आहेत, ते करतात."

चारुलताला ठसका लागला. बाबांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि मग तेही हसायला लागले, अगदी खांदे हलेपर्यंत. काय झालं ते हृषिकेशला नीटसं कळलं नाही, पण सासरे पुन्हा बोलायला लागले याचंच त्याला बरं वाटलं. त्याने त्यांना आग्रहाने आणखी एक पोळी वाढली.